आभासी ग्रुप राइडमध्ये मागे का पडता? या चुका टाळा

झ्विफ्टसारख्या ॲपवर घरबसल्या, पडद्यावरच्या रस्त्यावर अनेकांनी मिळून सायकल चालवणे म्हणजे ग्रुप राइड. ती सुरू होण्याची वेळ आली की चॅटमध्ये तेच ते प्रश्न येऊ लागतात: ट्रेनर (ज्यावर सायकल बसवून जागच्या जागी चालवतात आणि जे ॲपशी जोडतात ते यंत्र) का सापडत नाही, सगळे पुढे कसे निघून गेले, एवढा जोर लावूनही मी मागे का. अशा राइडमध्ये मी बहुधा स्वीपर असतो. म्हणजे घोळक्याच्या शेपटाशी राहून सुटलेल्यांना परत आणण्याचे काम माझ्याकडे असते. त्या जागेवरून जे दिसते त्यावरून सांगतो की, ताकद अपुरी पडली म्हणून मागे राहणारे फार थोडे असतात. बाकीच्यांचा घात त्यांची घाई करते.

अंतर दिसताच जिवाच्या आकांताने पाठलाग

ही माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक आहे. किलोमागे दीड ते दोन वॅट (म्हणजे स्वाराच्या दर किलो वजनामागे पेडलवर लागणारा जोर) अशी जाहीर केलेली, अगदी निवांत राइड होती. एक नवे गृहस्थ पाण्याची बाटली उचलण्यासाठी क्षणभर पेडल मारायचे थांबले आणि घोळक्यापासून चार-पाच सेकंद मागे पडले. अंतर कमी करा अशी सूचना पडद्यावर येताच त्यांनी थेट किलोमागे साडेचार वॅट लावले. उजवीकडच्या यादीत त्यांचे नाव भराभर वर सरकत गेले, मला ओलांडून, मधल्या गर्दीला ओलांडून, डोक्यावर पिवळा दिवा असलेल्या, राइडचा वेग ठरवणाऱ्या लीडरलाही ओलांडून पुढे गेले. तिथे समोर कोणीच नव्हते, त्यामुळे ड्राफ्टही, म्हणजे पुढच्या स्वारांच्या आडोशाने हवेचा अडथळा कमी होण्याचा फायदाही, नव्हता. दम संपला, वॅट उतरले, मागून आलेल्या घोळक्याने त्यांना गिळले आणि घोळक्याचा वेग त्यांच्यापेक्षा जास्त असल्याने ते सरळ मागच्या बाजूने बाहेर पडले. मग पुन्हा तोच पाठलाग. मी चॅटवर लिहिले, "घोळक्याच्या मध्येच राहा, पुढे जाऊ नका", पण ते वाचत नव्हते. अखेरीस "लीडर फार वेगाने चालवतो" असा निरोप टाकून ते निघून गेले. लीडरचा आकडा त्या सगळ्या वेळात १.८ च्या आसपासच होता.

यातले गणित साधे आहे. घोळक्याच्या आत राहिल्याने सपाट रस्त्यावर पाव हिश्श्याच्या आसपास, कधी त्याहून अधिक जोर वाचतो. घोळक्याबाहेर पडताच ती सवलत संपते, म्हणून थोडे मागे पडणाऱ्याला आहे त्याच वॅटवर आणखी मागे पडावे लागते. परत यायचे असेल तर आपल्या नेहमीच्या आकड्यापेक्षा थोडेसेच जास्त वॅट लावून दोन-तीन मिनिटे धीराने काढावीत आणि, हे महत्त्वाचे, घोळका एक-दोन सेकंदांवर आला की तिथे पोहोचण्याआधीच जोर कमी करावा. पेडल थांबवले तरी पडद्यावरचा स्वार लगेच हळू होत नाही. घोळक्यात शिरल्यावर ड्राफ्ट मिळून तो उलट वेग घेतो. स्वीपर दिसत असेल तर त्याच्या मागे चिकटावे, तो त्याचसाठी मागे आलेला असतो.

पाण्याचा घोट चढावर किंवा वळणावर घेऊ नये. उताराच्या माथ्यावर पोहोचताच पेडल सोडून देणाऱ्यांचेही असेच होते, कारण पुढचे स्वार आधीच उताराला लागून वेग घेत असतात.

सुरुवातीच्या गडबडीला राइडचा वेग समजणे

सुरुवातीच्या रांगेत सगळे जागच्या जागी पेडल मारत असतात, त्यामुळे वेळ होताच घोळका उसळी मारून निघतो आणि दोन वॅटची राइडही पहिली एक-दोन मिनिटे तीनच्या वर चालते. जो हात बांधून बसला होता तो तिथेच सुटतो. म्हणून शेवटचे अर्धे मिनिट हलके पेडल मारत राहावे आणि पहिली उसळी निमूटपणे सोसावी. त्यानंतर मात्र वेग खाली येतो, आणि तो खाली आल्याचे ज्यांच्या लक्षात येत नाही ते लीडरच्या पुढे जाऊन आपलीच वेगळी शर्यत मांडतात. त्यांच्या मागे आणखी काही जण लागतात, घोळक्याचे दोन तुकडे होतात आणि मागच्या तुकड्यातल्यांना ड्राफ्ट देणारे लोकच उरत नाहीत. शर्यत हवी असेल तर ॲपवर शर्यती ढिगाने असतात. काही राइडमध्ये लीडरच्या पुढे कुंपण घातलेले असते; ते ओलांडून इशारा मिळाल्यावरही मागे न येणारा राइडमधून वगळला जातो, आणि मला त्याची मुळीच कीव येत नाही.

किलोमागे वॅटचा आकडा सर्वांना सारखा लागू होतो असे मानणे

ही चूक मात्र सालस माणसेही करतात. राइडच्या माहितीत दोन हा आकडा वाचून ५५ किलोचा स्वार ११० वॅट लावतो. लीडर ८५ किलोचा असेल तर तो त्याच आकड्यावर १७० वॅट लावत असतो. सपाट रस्त्यावर मुख्य लढा हवेशी असतो आणि हवेला वजनाशी फारसे देणेघेणे नसते. हलक्या स्वाराच्या शरीराला हवेचा अडथळा थोडा कमी होतो हे खरे, पण ६० वॅटची तफावत भरून निघेल इतका तो कमी होत नाही. त्यामुळे हलक्या स्वाराने सपाटीवर जाहीर आकड्यापेक्षा बरेच जास्त वॅट लावण्याची तयारी ठेवावी, किंवा एक पायरी खालची राइड निवडावी. चढावर पारडे फिरते. तिथे किलोमागचा आकडा जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो आणि वजनदार मंडळींना घाम फुटतो. मी स्वतः राइड निवडताना आकड्याबरोबर मार्गातला चढ पाहतो.

यावर प्रोफाइलमध्ये वजन कमी लिहिण्याची पळवाट शोधणारेही भेटतात. त्यांच्याशी वाद घालणे मी सोडले आहे.

आणखी काही, थोडक्यात

चढाची तीव्रता ठरवणारे ट्रेनर डिफिकल्टीचे सेटिंग शून्यावर आणल्याने राइड सोपी होत नाही. मूळच्या ५० टक्क्यांवर दहा टक्क्यांचा चढ पायाला पाच टक्क्यांसारखा भासतो एवढेच. ठरावीक वेगासाठी लागणारे वॅट तेवढेच राहतात.

सर्वांना एकत्र ठेवण्याची सोय असलेल्या राइडमध्येही पेडल मारत राहावेच लागते.

पंखा राइड सुरू होण्याआधी लावून ठेवावा. मध्येच उतरून लावायला गेलेले लोक मला मागे सापडतात.

चाकावर टेकणारा ट्रेनर असेल तर टायरमधली हवा तपासून, दहा मिनिटे चालवून गरम झाल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे वॅटच्या मोजमापाची जुळणी, करावे. घाईत ते टाळणाऱ्यांच्या वॅटच्या आकड्याचा भरवसा नसतो.

ऐन वेळी ट्रेनर न सापडणे

हे दुखणे राइड सुटायला दोन मिनिटे असताना उपटते, कारण ॲप तेव्हाच उघडलेले असते. मी वीस मिनिटे आधी उघडतो, कारण त्याच वेळी अपडेटही येऊन बसलेले असू शकते. बरेच ट्रेनर ब्लूटूथवर एका वेळी एकाच यंत्राशी जोडले जातात, आणि फोनवर मागे उघडे राहिलेले ट्रेनरचे स्वतःचे ॲप त्याला धरून बसलेले असते. म्हणून आधी फोनचे ब्लूटूथ बंद करून पाहावे. ट्रेनर सापडला की तो पॉवरच्या चौकटीत जोडला आहे तसाच कंट्रोलच्या चौकटीतही जोडला आहे ना, हे पाहावे. दुसरी चौकट रिकामी राहिली तर वॅट दिसतात पण चढ पायाला जाणवत नाही. वॅट मध्येच शून्यावर जात असतील आणि अँट प्लसची (ब्लूटूथसारख्याच दुसऱ्या बिनतारी जोडणीची) छोटी डाँगल संगणकाच्या मागे खोचलेली असेल तर तिला लांब वायर लावून ट्रेनरजवळ आणावे. एवढे करूनही यश आले नाही तर ट्रेनरची वीज काढून थोड्या वेळाने पुन्हा जोडावी, आणि तोवर राइड सुटली असेल तर उशिरा सामील होण्याची सोय त्या राइडला आहे का ते पाहावे. ती असेल तर ॲप तुम्हाला चालत्या राइडमध्येच नेऊन सोडते.