डॅनिश हॉटडॉग घरी करताय? या चुका टाळा

कोपनहेगनच्या रस्त्यांवर सॉसेजच्या गाड्या १९२१ पासून लागतायत, तिथे त्यांना पोल्सेवोगन म्हणतात. मऊ पाव, गरम सॉसेज, आंबटगोड काकडी, कुरकुरीत कांदा, हे सगळं एकाच घासात तोंडात आलं पाहिजे, आणि घरी नेमकं तेच बिघडतं.

सगळ्यात जास्त घोळ कांद्याचा. तिथे कांदा दोन प्रकारचा पडतो, कच्चा बारीक चिरलेला आणि तळलेला, आपण एकच टाकून मोकळे होतो. तळायचा कांदा पातळ आणि एकसारखा कापा, मैदा लावून झटका आणि मध्यम आचेवर थोडा थोडा तळा. बिर्याणीसाठी बिरिस्ता करणाऱ्यांना माहितीये, सोनेरी झाला की लगेच काढायचा, कारण बाहेर काढल्यावर पण त्याचा रंग चढत राहतो आणि काळा पडला की कडू लागतो. मग पसरून पूर्ण गार होऊ द्या, गरम गरम डब्यात भरलात तर वाफेने नरम पडलाच म्हणून समजा. आणि सॉसच्या खाली तर कधीच घालू नका प्लीज, आधी केचप, मोहरीचा सॉस, रेमुलाद (मेयोनीजचा पिवळसर सॉस), मग दोन्ही कांदे, सगळ्यात वर काकडी.

काकडीच्या चकत्या एकदम पातळ हव्यात. मीठ लावून ठेवा, पाणी पिळा, मग व्हिनेगर-साखरेत मुरवा आणि पावात घालताना परत निथळून घ्या. हे शेवटचं निथळणं लोक विसरतात आणि मग पाव ओला झाला म्हणून बेकरीला नावं ठेवतात.

सॉसेज खळखळ उकळत्या पाण्यात टाकू नका, साल फाटते आणि चव पाण्यात उतरते. तिकडचं प्रसिद्ध लाल सॉसेज, रोड पोल्से, गरम पाण्यात नुसतं ठेवलेलं असतं. भाजायचं असेल तर मंद आचेवर फिरवत राहा, फ्रोझन असेल तर आधी फ्रिजमधे नीट सुटू द्या नाहीतर बाहेरून करपतं आणि आत गारच राहतं.

रेमुलादच्या जागी नुसतं मेयोनीज चालत नाही, चव सपाट होते. मेयोनीजमधे व्हिनेगरातली काकडी आणि कोबी अगदी बारीक चिरून घाला, थोडी मोहरीची पेस्ट, चिमूटभर हळद किंवा करी पावडर, बरंच जवळ जातं.

फ्रेंच हॉटडॉग म्हणून तिथे अजून एक प्रकार मिळतो, तो मधून चिरायचा नसतो, पावाला एका टोकाकडून भोक पाडून आधी ड्रेसिंग आणि मग सॉसेज आत सरकवतात. त्यात कांदा-काकडी कोंबू नका.

तिकडे फिरायला गेलात तर न विचारता ऑर्डर देऊ नका, गाडीवरचं सॉसेज बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचं असतं. कोपनहेगनला रुंडेतोर्न या गोल मनोऱ्याजवळ डोप नावाची ऑरगॅनिक गाडी आहे, तिथे व्हेगन पण मिळतं. आणि सगळं घालून हवं असेल तर ‘मे दे हेले’ म्हणा.