श्वासपटलाने पूर्ण श्वास घेण्याचा सराव

मोठा श्वास घ्या असे सांगितले की बहुतेक जण छाती पुढे काढतात, खांदे वर उचलतात आणि नाकाने जोरात हवा ओढतात. यात मानेच्या स्नायूंना नाहक राबावे लागते आणि ज्याचे हे मुख्य काम, ते श्वासपटल पुरेसे वापरलेच जात नाही. छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमटाकार स्नायू श्वास घेताना आकसून खाली सरकतो, त्यामुळे फुप्फुसांना खालच्या बाजूला पसरायला जागा मिळते आणि पोटातील अवयव दाबले गेल्याने पोट पुढे येते.

उथळ श्वासाचा तोटा आकड्यांत स्पष्ट दिसतो. प्रौढ माणूस शांत बसलेला असताना एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातील सुमारे १५० मिलिलिटर श्वासनलिकांमध्येच राहते आणि रक्तापर्यंत प्राणवायू पोहोचवण्याच्या कामी येत नाही. मिनिटाला असे १२ श्वास घेतले, तर ६ लिटरपैकी ४.२ लिटर हवा उपयोगी पडते. तीच ६ लिटर हवा २५० मिलिलिटरच्या २४ श्वासांत घेतली, तर उपयोगी हवा जेमतेम २.४ लिटर उरते.

सराव चटईवर उताणे झोपून सुरू करावा. गुडघे वाकवून तळपाय जमिनीला टेकवावेत, म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात. कमरेचा पट्टा किंवा नाडी आधी सैल करावी. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण आवळलेल्या पोटाने हा सराव नीट होत नाही. एक हात छातीच्या मध्यावर आणि दुसरा बेंबीच्या थोडा वर ठेवावा.

आरंभ श्वास सोडण्यापासून करावा, आणि माझ्या मते सगळे मर्म येथेच आहे. ओठ किंचित मिटून, समईची ज्योत हलावी पण विझू नये इतक्या हलक्या फुंकरीने हवा बाहेर जाऊ द्यावी. मग क्षणभर थांबावे आणि नाकाने श्वास आपोआप आत येऊ द्यावा. पोटावरचा हात वर आला आणि छातीवरचा जवळजवळ स्थिर राहिला, तर पद्धत बरोबर आहे. बोटांखाली पोट कडक लागत असेल, तर आपण ते मुद्दाम फुगवत आहोत असे समजावे. खालच्या बरगड्या दोन्ही बाजूंना थोड्या फाकल्या पाहिजेत, हेही हात ठेवून तपासता येते.

सुरुवातीला तीन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि चार मोजेपर्यंत सोडावा. सवय झाल्यावर हेच प्रमाण चार आणि सहा करावे. दिवसातून दोनदा पाच मिनिटे पुरतात. झोपून जमू लागल्यावर बसून, नंतर उभे राहून आणि शेवटी नागपुरात अंबाझरी तलावाकाठी सकाळी फिरायला जाल तेव्हा सपाट रस्त्यावर पावलांच्या तालात हाच श्वास घ्यावा. सेमिनरी हिल्सचा चढ चढताना धाप लागली तर पद्धतीचा हट्ट धरू नये, कारण श्रम वाढल्यावर छातीने मदत करणे स्वाभाविकच आहे.

नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, पहाटेची वेळ उत्तम. कूलरचा झोत मात्र थेट तोंडावर घेऊ नये. तर्री-पोह्यांचा भरपेट नाश्ता झाला असेल, तर दोन तास जाऊ द्यावेत.

चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर आपण गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असून रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी झाला आहे असे समजावे, सराव थांबवावा आणि नेहमीसारखा श्वास घ्यावा. दमा, हृदयविकार किंवा पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजाराच्या, तीव्र अवस्थेत फुप्फुसांत हवा अडकून ती फुगलेली असतात आणि श्वासपटल मुळातच चपटे झालेले असते. अशा रुग्णाची धाप या सरावाने वाढूही शकते, म्हणून त्याने तो फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावा.