कुत्रा चावल्याची बातमी गाजत असते, तेव्हा कुत्रा पाळणाऱ्याने काय करावं

मी चिंचवडला सातव्या मजल्यावर राहते. माझ्याकडे मैना आहे, रॉटवायलर जातीची कुत्री, वजन 38 किलो. जुलै 2025 मध्ये मानखुर्दचा व्हिडिओ सगळीकडे फिरला: उभ्या रिक्षात एका 11 वर्षांच्या मुलाला पिटबुल चावतोय आणि कुत्र्याचा मालक पुढे बसून हसतोय. त्या संध्याकाळी मैनाला खाली नेलं, तर शेजारच्या काकूंनी नातवाला पटकन पाठीशी घातलं. एरवी याच काकू तिच्यासाठी पोळीचा तुकडा राखून ठेवतात. मला त्यांचा राग आला नाही. तो व्हिडिओ बघून माझ्याही पोटात गोळा आला होता.

अशी बातमी दर काही महिन्यांनी येते, आणि मग आठ-पंधरा दिवस आपल्या कुत्र्याकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. त्या दिवसांसाठी हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी, सोसायटीच्या ग्रुपवर वाद घालू नका. ‘आमचा तसा नाही हो’ हे तर मुळीच लिहू नका. कुणाचं तरी लेकरू रक्तबंबाळ झालेलं असतं आणि तुम्ही कुत्र्याची वकिली करताय, एवढंच वाचणाऱ्याला दिसतं. मी एकच निरोप टाकते: ‘बातमी वाचून फार वाईट वाटलं. मैनाची रेबीजची लस चालू आहे, परवाना आहे. काही दिवस तिला मुसकं घालूनच खाली आणेन. कुणाला भीती वाटत असेल तर मला फोन करा, मी वेळ बदलेन.’ यानंतर कुणी काही बोललं, तर उत्तर ग्रुपवर देऊ नका. त्यांच्या दारात जाऊन बोला, कुत्रा घरी ठेवून.

मग बातमी शांतपणे शेवटपर्यंत वाचा. कुत्रा पाळीव होता की भटका? मथळ्यात बऱ्याचदा नुसतं ‘कुत्र्याचा हल्ला’ असतं आणि सोबत दात विचकलेल्या भलत्याच कुत्र्याचा फोटो. जात कुणी सांगितली, पशुवैद्याने की बघ्यांनी? पट्टा कुणाच्या हातात होता? व्हिडिओ आत्ताचा आहे की जुनाच पुन्हा फिरतोय? कुत्रा पिसाळलेला होता असं छापलं असेल, तर प्रयोगशाळेत तपासणी झाली का? रेबीजची खात्री कुत्रा मेल्यावर त्याचा मेंदू तपासूनच होते. जात मथळ्यात येते आणि मालकाने काय केलं ते आत कुठेतरी एका ओळीत, ही माझी मोठी तक्रार आहे. लखनौ आणि गाझियाबादच्या 2022 मधल्या घटना अशाच जातीच्या नावाने गाजल्या. त्याच वर्षी गाझियाबाद महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो पाळायला बंदी घातली. 12 मार्च 2024 ला केंद्राने राज्यांना 23 जातींवर बंदी घालण्याबद्दल पत्र पाठवलं, त्यात रॉटवायलरही होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये ते पत्रक रद्द केलं. तरी ती यादी अजून ग्रुपवर ‘सरकारी बंदी’ म्हणून फिरते. कुणी टाकली तर ही तारीख सांगा आणि थांबा.

आता लिफ्ट, कारण आपल्याकडे माणूस आणि कुत्रा सगळ्यात जवळ येतात ते तिथेच. वरळीच्या एका इमारतीत 2018 मध्ये, लिफ्टमधल्या माणसाने ‘मुलगा घाबरतो, थांबा’ म्हटल्यावरही मालक कुत्रा घेऊन आत शिरला आणि कुत्रा त्या माणसाला चावला. मे 2025 मध्ये न्यायालयाने त्या मालकाला चार महिन्यांची शिक्षा दिली. दार उघडलं आणि आत कुणी असेल, तर मी आधीच म्हणते, ‘तुम्ही जा, आम्ही पुढच्या फेरीला येतो.’ पट्टा आखूड, चार फुटांचा. बटण दाबून लांबणारी दोरी लिफ्टपुरती तरी विसरा. कुत्रा कोपऱ्यात, आपले पाय त्याच्या आणि दाराच्या मध्ये.

मुसकं घ्याल तर जाळीचं घ्या. कापडी पट्टीचं मुसकं तोंड बांधून टाकतं. कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत आणि आपल्या उन्हाळ्यात ते जिवावर बेतू शकतं. जाळीच्या मुसक्यात जीभ बाहेर काढून धापता आलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे. बातमी आली त्याच दिवशी ते जबरदस्तीने चढवू नका, आधीपासून सवय लावा. मैनाच्या बाबतीत मी जाळीच्या आतून घट्ट दही फासायची आणि नुसतं समोर धरायची. ती स्वतःहून नाक आत घालून चाटायची, मी बक्कल लावायची नाही. नाक निवांत आत राहू लागल्यावर बक्कल क्षणभर लावून लगेच काढायचं, मग घरातल्या घरात दोन फेऱ्या, मग जिना. आता मुसकं हातात घेतलं की ती शेपूट हलवत येते. (शेपूट कापलेलं नाही, कापून घेऊ नका.)

परवाना, लसीकरणाचं पुस्तक आणि नसबंदीचा दाखला एका फोल्डरमध्ये दाराजवळ ठेवा. सोसायटीची सभा लागली तर तो फोल्डर घेऊन जा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. पण सभेत सुरुवात नियमापासून करू नका. आधी लोकांना काय हवंय ते विचारा. बहुतेकांचं मागणं साधं असतं: मुलांच्या खेळायच्या वेळी कुत्रा बागेत नको, घाण उचला. ते मान्य करा, लिहून द्या.

वार्ताहराचा फोन आला तर ज्या घटनेची माहिती नाही तिच्यावर बोलू नका. आपल्या कुत्र्याबद्दल दोन वाक्यं सांगा. कॅमेऱ्यासमोर ‘बघा कसा शांत आहे’ म्हणून अनोळखी माणसाला हात लावायला देऊ नका. बातमीत जात किंवा जागा चुकली असेल तर संपादकाला लेखी कळवा, कात्रण जोडून, भाषा नरम ठेवून.

आणि आपलाच कुत्रा कुणाला चावला तर बाकी सगळं बाजूला ठेवा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. लगेच दवाखान्यात न्या आणि खर्च तुम्ही करा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते डॉक्टरांना विचारा. दंडातल्या लसीचे दिवस 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7, 14 आणि 28 असतात, ते फोनमध्ये लावा आणि प्रत्येक वेळी सोबत जा. लस दिलेली असली तरी कुत्रा दहा दिवस घरात नजरेखाली ठेवा आणि तो कसा आहे ते त्या घरी रोज कळवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली जनावराबाबतच्या हलगर्जीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलीस आले तर खरं काय घडलं ते सांगा आणि फोल्डर पुढे करा.