स्पितीत रस्त्याकडेचा आईस क्लाइंबिंग रूट कसा शोधायचा, कसा तपासायचा

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या धबधब्यांवर रॅपलिंग करणाऱ्या बऱ्याच जणांना पुढे गोठलेला धबधबा चढायचा असतो, आणि मनालीला किंवा उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा कोर्स झालेला असेल तर हिमाचलमधलं स्पिती खोरं खरंच मस्त जागा आहे, हिवाळ्यात मनालीकडचा कुंझुम खिंडीतला रस्ता बंद असला तरी किन्नौरकडून काझाला, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावाला जाता येतं (बर्फ पडला की अडकायची तयारी हवी) आणि गाडीतूनच बर्फ दिसत राहतो. पण गाडीतून दिसला की लगेच दोर काढू नका, आधी तपासा.

सुरुवात नकाशापासून. टाबो गावापासून काझापर्यंतचा रस्ता स्पिती नदीच्या डाव्या काठाने जातो आणि नदी साधारण आग्नेयेला वाहते, त्यामुळे रस्त्यावरच्या भिंतींना दुपारचं ऊन लागतं आणि सावलीतल्या भिंती नेमक्या नदीपलीकडे. मग रस्त्याच्या बाजूला शोधायचं कुठे, तर आत शिरणाऱ्या अरुंद नाल्यांत, जिथे दोन्ही भिंती जवळ येतात आणि ऊन तळाला पोचत नाही. लिंगटी खोऱ्याची बाजू बघा, किंवा अत्तरगोचा पूल ओलांडून पिन खोऱ्यात शिरा. पलीकडचा बर्फ कितीही भारी दिसला तरी गोठलेल्या नदीवरून चालत जायचं नाही, खालून पाणी वाहत असतं आणि वरचा थर कुठे पातळ आहे ते कळत नाही, पूल असेल तरच जायचं.

दुसरं म्हणजे हे पाणी येतं कुठून. झऱ्याचं असेल तर थंडीभर थर चढत जातात आणि बर्फ जाड होतो. वरचं बर्फ दुपारी वितळून येत असेल तर रोजची परिस्थिती वेगळी. गावाच्या कुहलचं, म्हणजे पाटाचं सांडलेलं पाणी असेल तर पाणी थांबलं की वाढ थांबते. होमस्टेवाल्यांना विचारा, त्यांना कुठला नाला कधी गोठतो ते माहीत असतं, आणि तो झरा गावाच्या पिण्याचा किंवा श्रद्धेचा असेल तर तेही तेच सांगतील, मग तिथे चढू नका.

आता दुर्बीण काढा आणि बर्फाकडे नाही, त्याच्या वर बघा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि घाईत नेमकं हेच राहतं. बर्फाचा ओघळ जिथे तयार होतो तीच नाळ वरच्या हिमाची आणि दगडांचीही वाट असते. वर ३० ते ४५ अंशांचा मोठा उतार असेल, त्यावर ताजं हिम किंवा वाऱ्याने साठलेलं हिम असेल, तर तो रूट (चढाईची वाट) त्या दिवशी बाद, खालचा बर्फ कितीही सुंदर असो. डीजीआरईचं (डीआरडीओची हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था) हिमस्खलनाचं बुलेटिन रोज बघा. शिवाय स्पितीचे डोंगर म्हणजे भुसभुशीत घसारा, थंडीने धरून ठेवलेले दगड ऊन लागलं की सुटतात. म्हणून एकाच जागेवरून सकाळी आणि दुपारी फोटो काढा, ऊन किती वाजता कुठे पोचतं ते लिहून ठेवा, पायथ्याला ताजे दगड पडलेत का बघा.

बर्फ किती अंशांत उभा आहे ते मात्र समोरून कळत नाही, अगदी खाली उभं राहिलं की कडा झोपल्यासारखा वाटतो. बाजूने बघा. गोठलेल्या पाण्यावरच्या चढाईची अवघडपणाची श्रेणी डब्ल्यूआय (वॉटर आईस) अशी लिहितात, डब्ल्यूआय ३ म्हणजे साधारण ७० अंश आणि मधे विसावायला जागा, ४ ला छोटे सरळ उभे टप्पे, ५ ला लांबलचक उभं. नवख्यांनी ३ च्या वर लीड (दोर घेऊन सगळ्यात पुढे चढणं) करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, काझाच ३६०० मीटरच्या वर आहे, दम तिथेच लागतो, त्यामुळे आधी दोनतीन दिवस हवेला सरावा.

जवळ जाताना हेल्मेट गाडीतच घाला. बर्फ निळसर आणि घट्ट असेल तर चांगला, पांढरा म्हणजे आत हवा, पारदर्शक करडा म्हणजे बहुतेक पातळ. अॅक्सने (बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीने) ठोका, ढोलासारखा पोकळ आवाज आला तर मागे जागा रिकामी आहे किंवा पाणी वाहतंय. १३ सेंमीचा आईस स्क्रू (दोर अडकवायला बर्फात बसवायची पोकळ नळी) फिरवा, मधेच सैल झाला किंवा कातळाला टेकला तर तिथे प्रोटेक्शन, म्हणजे पडलं तर धरणारा आधार, नाही असंच धरा. बर्फाचा लटकता खांब खाली टेकला नसेल, किंवा वरच्या बाजूला आडवी भेग असेल, तर त्याच्या खालूनही जाऊ नका. रात्रीत पारा एकदम घसरला की बर्फ आकसतो, ठिसूळ होतो, ताटाएवढे तुकडे निघतात. उणे २ ते उणे ८ च्या आसपास अॅक्स छान बसतो.

बिले करणारा (खालून दोर सांभाळणारा) कधीही फॉल लाईनमध्ये, म्हणजे वरून पडणाऱ्या गोष्टींच्या वाटेत नको, बाजूला किंवा कातळाच्या आडोशाला. गाडीही ओघळाखाली किंवा वळणावर नको, आणि तुम्ही पाडलेला बर्फ रस्त्यावर येणार असेल तर तो रूट सोडा, खालून बस जाते, बीआरओचे (सीमा रस्ते संघटनेचे) कामगार असतात. उतरायचं कसं ते चढायच्या आधी ठरवा, वर दगडाचा भरवसा नसतो, म्हणून लांब स्क्रूने बर्फात आत एकमेकांना मिळणारी दोन भोकं पाडून त्यातून दोरी ओवायचा व्ही-थ्रेड करायला घरूनच शिकून या, आणि पहिला उतरेपर्यंत त्याला स्क्रूचा बॅकअप ठेवा. कुठल्या नाल्यात जाताय आणि किती वाजता परत येणार हे होमस्टेवर सांगून निघा, कारण नाल्यात फोन लागेलच असं नाही आणि मदतीला पहिले पोचणार ते गावकरीच.