काळ्या पाण्यावर गेलेल्या पूर्वजाचा माग: आडनाव बाजूला ठेवा

‘आमचे खापरपणजोबा सेल्युलर जेलमध्ये होते,’ असं कुणी सांगितलं की मी आधी साल विचारतो. त्या तुरुंगाचं बांधकाम १८९६ मध्ये सुरू झालं आणि १९०६ मध्ये संपलं. अंदमानात कैद्यांची ती वसाहत मात्र १० मार्च १८५८ पासून होती. त्या दिवशी वसाहतीचे अधीक्षक डॉ. वॉकर दोनशे कैद्यांना घेऊन उतरले. तुमचा माणूस १८६५ चा असेल, तर त्याने ती इमारत पाहिली असण्याची शक्यता कमीच. शिवाय काळं पाणी म्हणजे अंदमानच, हेही खरं नाही. १८५८ च्या आधी मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशसला, पेनांगला, सिंगापूरला जात. वासुदेव बळवंत फडक्यांना तर त्यानंतरही एडनला नेलं आणि १८८३ मध्ये ते तिथेच वारले. तेव्हा आधी दशक ठरवा. दशकावरून बेट ठरतं आणि बेटावरून दप्तर.

घरातल्या म्हाताऱ्यांना विचारणं, जुने दस्त काढणं, हे तुम्ही केलंच असेल. पुढे जाऊ.

आता खरी गोम. लोक आडनावाने शोधायला बसतात आणि दोन महिन्यांत कंटाळून सोडून देतात. मीही तेच केलं, फक्त दोन हिवाळे. तेव्हाच्या फौजदारी कागदांत आपल्याकडच्या कुळवाड्याला आडनाव बहुधा नसतंच. तिथे असतं ‘रामा बिन गोविंदा’, म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा, किंवा त्याच अर्थाने ‘वल्लद’ अमुक. पुढे जात, वय, गाव, गुन्हा. म्हणून कुलवृत्तांतातलं भारदस्त नाव विसरा. माणसाचं हाकेचं नाव आणि बापाचं नाव, एवढीच जोडी हातात घ्या. बापाचं नाव माहीत नसेल तर शोध सुरूच करू नका. आधी नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तुमच्या तीर्थोपाध्यायांकडे जाऊन तुमच्या घराण्याच्या नोंदींची वही उघडून घ्या.

दुसरी अडचण स्पेलिंगची. साहेबाचा कारकून ‘अ’ला यू लिहायचा आणि ‘उ’ला डबल ओ. त्यामुळे तुकारामाची सुरुवात टी-डबल ओ अशी होते, गणू जी-यू-डबल एन-डबल ओ होतो आणि रत्नागिरी आर-यू-टीने सुरू होते. संगणकावर आजचं स्पेलिंग टाकून ‘काही सापडलं नाही’ म्हणणाऱ्यांची मला आता चीड येते. कागदावर दहा-बारा रूपं लिहून काढा आणि एकेक तपासा. गावाचीही तशीच काढा. पोर्ट ब्लेअरला २०२४ पासून श्रीविजयपुरम म्हणतात, पण शोधताना जुनंच नाव टाका.

तरीही फसाल. मी एका माणसाच्या मागे वर्षभर होतो. नाव तेच, तालुका तोच, गुन्हा दरोडाच. त्याच्या मृत्यूच्या नोंदीपर्यंत पोचलो, घरी फोन करून सांगितलंही, आणि मग वर्णनाच्या रकान्यात वेगळीच जात दिसली. तालुक्यात त्या नावाचे दोघे होते. तेव्हापासून माझा नियम आहे: नाव, बापाचं नाव, गाव आणि शिक्षेची तारीख, या चारांपैकी तीन जुळल्याशिवाय तो आपला नाही.

म्हणून माणूस शोधू नका, खटला शोधा. १ जानेवारी १८६२ ला भारतीय दंडविधान लागू झालं. त्यानंतरच्या कागदांत कलम सापडतं: खुनाला ३०२, दरोड्याला ३९५, दरोड्यात खून झाला असेल तर ३९६. त्याआधी कलमाच्या जागी १८२७ च्या रेग्युलेशनचा, म्हणजे मुंबई इलाख्याच्या तेव्हाच्या कायद्याचा, उल्लेख आणि वरचं न्यायालय म्हणून सदर फौजदारी अदालत. जिल्हा आणि साल हाताशी असेल तर मुंबईला फोर्टात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात ज्युडिशियल डिपार्टमेंटच्या (न्याय खात्याच्या) त्या वर्षाच्या सूचीपासून सुरुवात करा. अंदाजाच्या सालाआधीचं एक आणि नंतरची दोन वर्षंही मागवा. घरच्या आठवणीतलं साल क्वचितच बरोबर असतं. हायकोर्टाचे छापील निवाडेही चाळा. अपील झालं असेल तर अख्खी हकीकत तिथे आयती मिळते. आणि मनाची तयारी ठेवा. घरी ‘इंग्रजांविरुद्ध’ म्हणून सांगितलेलं प्रकरण बांधाच्या भांडणातला कुऱ्हाडीचा घाव निघू शकतं. माझं तेच निघालं.

शिक्षेची तारीख मिळाली की पुढचं सोपं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर होम डिपार्टमेंटची पोर्ट ब्लेअर शाखा बघा. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे, म्हणजे तिथून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या खात्याचे, कागद आहेत. खुद्द बेटावर जाऊन कागद मिळतील या आशेने तिकीट काढू नका. जपानी अंमलात, १९४२ ते १९४५ मध्ये, तिथलं बरंच दप्तर गेलं. शोधायचा तो कैदी क्रमांक. गळ्यातल्या लाकडी बिल्ल्यावर हाच आकडा असे, सोबत कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख. एकदा आकडा मिळाला की स्पेलिंगची कटकट संपते.

शेवटचं, आणि हे बहुतेक जण विसरतात. जन्मठेप म्हणजे परत न येणं नव्हे. चांगली वागणूक असेल तर साधारण दहा वर्षांनी कैद्याला स्वतःच्या कमाईवर राहायची परवानगी मिळे, जमीन कसता येई, लग्नही करता येई. आणि वीस-पंचवीस वर्षांनी पूर्ण सुटका होऊ शके. म्हणून शिक्षेनंतरच्या वीस ते तीस वर्षांतले गावचे कागद पुन्हा तपासा. आमच्या घरी त्याचं श्राद्ध पिढ्यान्‌पिढ्या ‘तिथे गेला’ म्हणून होत आलं. नाशिकच्या वहीत शिक्षेनंतर तेविसाव्या वर्षी तो स्वतः येऊन गेल्याची नोंद आहे. नाव गुरुजींनी लिहिलंय, आणि शेजारी सहीऐवजी त्याची नांगराची निशाणी.