शिगम्याचा गुलाल आणि लाल चॅनल
गोव्यातल्या फोंड्याच्या शिगमो (शिमगा) मिरवणुकीचे फोटो, गुलाल सगळा सपाट लाल डाग, कणच दिसेनात. ब्राइटनेसचा हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ किती ते दाखवणारा ग्राफ) मस्त मधोमध, पण आरजीबीवाला (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा) उघडला तर लाल चॅनल उजव्या कडेला आपटलेला, म्हणजे लाल कमाल मर्यादेला जाऊन तपशील गेलेला (नुसता ब्राइटनेसचा पांढरा ग्राफ बघून लोक निवांत कसे राहतात देव जाणे). जेपेगची टिफ (जास्त बिट साठवू शकणारी फाइल) करून काय उपयोग नाय, जेपेगच्या ८ बिटात प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या, गेलेलं परत येत नाही. रॉ फाइल (सेन्सरचा कच्चा डेटा) होती म्हणून वाचलं, १४ बिट म्हणजे १६,३८४ पायऱ्या, एक्स्पोजर पाऊण स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) खाली, लाल सॅच्युरेशन जरा कमी, मग १६ बिट टिफ आणि शेवटी एसआरजीबी (स्क्रीन-वेबसाठीची नेहमीची रंगपद्धत) जेपेग, गुलालाचे कण सुटे दिसायला लागले. आणि हो, रॉ शूट केलं तरी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम सहसा जेपेग प्रिव्ह्यूवरूनच काढतात, त्यामुळे तिथे लाल चिकटला तरी लगेच डिलीट मारू नका.