गाव सेफ आहे का बघताय? चोरी-दरोड्याच्या आकड्यात या चुका टाळा

गेल्या महिन्यात मावसबहिणीचा फोन आला. नवऱ्याची बदली निपाणीला झालीय, नवीन लेआउटमध्ये भाड्याचं घर बघितलंय, बारकी दोन पोरं, आणि कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलं की तिकडं दरोडे वाढलेत. "दादा, घ्यावं काय नको, सांग की." मी पटकन काही बोललो नाही. आपण सगळेच ह्या बाबतीत कुठं चुकतो ते मला माहीत आहे, मीही चुकलोय, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली चूक शब्दांचीच. आपल्याकडं कुलूप तोडून टीव्ही नेला तरी दरोडा, गाडीवरून येऊन गंठण ओढलं तरी दरोडा. कायद्यात दरोडा म्हणजे पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेली जबरी चोरी. त्याहून कमी माणसं असतील आणि मारहाण केली किंवा चाकू दाखवून भीती घातली तर ती नुसती जबरी चोरी. घरात कुणी नसताना कुलूप तोडून नेलं तर घरफोडी. आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आलीय, त्यात चोरी कलम 303, हिसकावून नेणं म्हणजे स्नॅचिंग 304, जबरी चोरी 309 आणि दरोडा 310. स्नॅचिंगला जुन्या कायद्यात वेगळं कलम नव्हतं, त्यामुळं 2023 आणि 2025 चे आकडे शेजारी ठेवून जबरी चोरी कमी झाली म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं, त्यातले काही गुन्हे 304 च्या खान्यात गेलेले असू शकतात.

आणि निपाणी-बेळगाव हा आपला सीमाभाग कर्नाटकात, त्यामुळं अजून एक भानगड, कागद सगळा कन्नडमध्ये. कळवु किंवा कळ्ळतन म्हणजे चोरी, कन्न कळवु म्हणजे घरफोडी, सुलिगे म्हणजे जबरी चोरी, दरोडे म्हणजे दरोडा. हे चार शब्द पाठ असू देत. बहिणीला मी हेच विचारलं, तुला भीती कशाची आहे? रात्री रस्त्यात कुणी अडवेल याची, का दिवाळीला गावी गेल्यावर कुलूप तुटेल याची? ती म्हणाली कुलपाची. मग जबरी चोरीचा दर बघून तिला काय कळणार, तो आकडाच वेगळ्या गोष्टीचा आहे.

दुसरी चूक, "दुप्पट झाले" ऐकून घाबरणं. गुन्ह्याचा दर दर लाख लोकसंख्येमागं काढतात. 2011 च्या जनगणनेत निपाणी शहर सुमारे 63 हजारांचं. समजा एका वर्षी जबरी चोरीचे 2 गुन्हे झाले तर दर आला 3.2, पुढच्या वर्षी 4 झाले तर 6.3. बातमी होणार गुन्हे दुप्पट, पण कदाचित एकाच टोळीनं एकाच आठवड्यात दोन ठिकाणी हात मारला आणि पकडली गेली, एवढंच झालं असेल. गाव जितकं लहान तितका एकेका गुन्ह्यानं दर उड्या मारतो, 20 हजारांच्या गावात एक गुन्हा म्हणजे थेट 5. म्हणून तीन-चार वर्षांची बेरीज बघायची, एका वर्षावर जायचं नाही. शिवाय निपाणी हायवेवरचं गाव, कागल, गडहिंग्लज, चिकोडीकडनं रोज माणूस बाजाराला येतो, स्टँडवर खिसा त्यांचाही कापला जातो, पण दर काढायला भागाकार करताना लोकसंख्या फक्त गावात राहणाऱ्यांची धरतात.

जिल्ह्याचा आकडा गल्लीला लावणं हीपण तसलीच चूक. बेळगाव जिल्हा 2011 ला जवळजवळ 47.8 लाखांचा, त्यात खानापूरच्या जंगलातली वाडी आली आणि अथणीचा ऊसपट्टाही आला. त्यात शहराला पोलीस आयुक्तालय वेगळं आणि बाकी जिल्हा एसपींकडं म्हणजे पोलीस अधीक्षकांकडं, दोन्हींचा हिशोब वेगळा. काकतीसारखं शहराला लागून असलेलं ठाणं आयुक्तालयात येतं, तेव्हा आपलं गाव कुठल्या खान्यात मोजलंय ते आधी बघायचं. आणि सीमेपलीकडं चंदगड किंवा कागल हद्दीत घडलेलं तर कर्नाटकाच्या आकड्यात येतच नाही, भले आपल्या घरापासून ते पाच किलोमीटरवर असू दे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवालही उशिरा येतो, 2023 सालचा आला 2025 च्या सप्टेंबर अखेरीस.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मी स्वतः केलीय. नोंद कमी म्हणजे गाव सुरक्षित, हे खोटं आहे. काही वर्षांपूर्वी एका बसस्टँडजवळ दोघांनी माझ्या हातातला मोबाईल हिसकावून नेला. ठाण्यात गेलो तर समोरच्यानं सांगितलं की "हरवला म्हणून लिहून द्या, सिमकार्ड लगेच मिळेल." मला कन्नड बोलता येतं पण वाचायला जमत नाही, घाई होती, सही करून बाहेर पडलो. म्हणजे काय झालं, त्या वर्षीच्या जबरी चोरीत माझी केस नाहीच, कागदावर तो स्टँड एकदम शांत. माझ्यासारखे दहा जण असतील तर तिथं रात्रीचा पोलीस कुठल्या आकड्यावर मागायचा? आजही त्याचं वाईट वाटतं, कारण नंतर तिथंच एका कॉलेजच्या पोरीची बॅग ओढली.

म्हणून हिसकावून नेलं असेल तर ऑनलाईन हरवल्याची नोंद करून मोकळं होऊ नका. फिर्याद वाचून दाखवा म्हणा, मराठीत समजावून सांगा म्हणा, मगच सही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर सांगा, कुठल्याही ठाण्यात घ्यावाच लागतो, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे आणि सीमाभागात तर हे लागतंच लागतं. ऑनलाईन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची, नाहीतर ती धरत नाहीत. घेतच नसतील तर लेखी तक्रार पोस्टानं एसपींना, तिथंही काही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडं. मोबाईलचा आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) आणि दागिन्याची पावती आजच कुठंतरी लिहून ठेवा, सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर फोन ब्लॉक करायला तो नंबर लागतो.

उलटंही लक्षात घ्या, एखाद्या ठाण्याचा आकडा अचानक वाढला तर नवीन साहेब प्रत्येक तक्रार लिहून घेत असेल.

आणखी एक, ह्याबद्दल मला मनापासून राग येतो. चोरी झाली की पहिलं बोट ऊसतोडवाल्यांकडं, पालं टाकून राहिलेल्यांकडं. 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, 1952 ला तो कायदा गेला, तरी आपल्या तोंडातला संशय गेला नाही. सप्टेंबर 2022 मध्ये आपल्या सीमेला लागून जत तालुक्यात लवंग्याला चार साधूंना मुलं पळवणारे समजून लोकांनी मारहाण केली, विजापूरकडनं पंढरपूरला चाललेले, रस्ता विचारायला थांबलेले. अनोळखी माणूस दिसला आणि शंका आली तर 112 ला फोन करा, ग्रुपवर फोटो टाकू नका.

बहिणीला शेवटी काय सांगितलं, तर घर रात्री आठला आणि एकदा पहाटे जाऊन बघ. दूधवाल्याला, पेपर टाकणाऱ्या पोराला, कोपऱ्यावरच्या किराणावाल्या मावशींना विचार, मागच्या दोन वर्षांत कुणाचं कुलूप तुटलं. रस्त्याची लाईट किती दिवस बंद आहे बघ, लाईट गेल्यावर गल्ली कशी दिसते बघ. मागं ऊस आहे का, शेजारचे प्लॉट रिकामे आहेत का. बीटचा, म्हणजे त्या भागाची गस्त बघणारा पोलीस कोण, त्याचा नंबर घे, गावी जाताना त्याला आणि शेजाऱ्यांना सांगून जा.

ती गेली. मावशींनी सांगितलं, दोन घरफोड्या झाल्या, दोन्ही शेवटच्या ओळीत, मागं ऊस उभा असताना, दोन्ही वेळी घरचे लग्नाला गेलेले. बघितलेलं घर त्याच ओळीत होतं. तिनं ते सोडलं आणि तिसऱ्या ओळीतलं घेतलं, भाडं आठशे जास्त, पण समोर मावशींचं दुकान रात्री दहापर्यंत उघडं असतं.